तिसऱ्या हिश्श्याचं भोक

खाजा मियाला त्याच्या अब्बांनी लाकडाबद्दल जे शिकवलं, ते एका दमात सांगता येईल एवढंच होतं. आडव्या लाकडाला पाठ असते आणि पोट असतं. वरून वजन आलं की पाठ दबते आणि पोट ताणतं. म्हणून पाठ कापायची नाही, पोट फाडायचं नाही. भोक पाडायचंच झालं तर बरोबर मधोमध, बेंबीत पाडायचं, आणि तेही लाकडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं नाही. कुरुंद्यातल्या निम्म्या माड्या अब्बांनी एवढ्या विद्येवर उभ्या केल्या आणि ते गेले. विद्या खाजाकडे राहिली. माड्या मात्र राहिल्या नाहीत. गावात स्लॅब आले, आणि खाजाला बोलावणं यायचं ते जुनं घर उतरवायला. बापाने बसवलेले सांधे लेकाने सोडवायचे, असा धंदा. चौसष्टाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं?

अब्बांच्या हातची एकच माडी वापरात उरली होती, ती मल्हारीची. मल्हारी हटकर हा खाजाच्या बरोबरीचा. दोघे एका मास्तराचा मार खाल्लेले. त्याच्याकडे बारा-पंधरा शेळ्या, थोडी हळद, आणि खाली दोन खणांचं घर. वर कडीपाटाची माडी, म्हणजे एका ओळीत सात सागवानी कड्या आणि त्यांवर पाटांची जमीन. खालच्या मधल्या खांबाला हळद फासलेली असे. घर उभं करताना पहिला रोवलेला खांब तो. त्याच्यावर हातभर फळी ठोकलेली, फळीवर खंडोबाचे टाक आणि भंडाऱ्याची पिशवी. मल्हारी घरातून बाहेर पडताना त्या खांबाला हात लावल्याशिवाय पडत नसे.

मल्हारीची बायको पंचफुलाबाई. पुराच्या साली, पहाटे पाणी घरात शिरलं तेव्हा मल्हारी बाहेरगावी होता. त्या बाईने एकटीने शेळ्या, दाणे, देव, सगळं माडीवर चढवलं आणि पाणी ओसरेपर्यंत वरच बसून राहिली. जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं. अशी खमकी बाई. पुढं तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि तीच तकलीफ झाली. डोकंही गेलं असतं तर तिला लाज तरी वाटली नसती.

पावसाळा आला तसा तिने धोशा लावला की मला माडीवर न्या, पाणी आलं तर मला चढता येणार नाही. चौघांनी खाटेसकट तिला वर नेलं. माडी कोरडी होती, हवा होती, पण संडास होता खाली, मागच्या अंगणात. मग भांडं आलं. भांडं द्यायचं मल्हारीने, न्यायचं मल्हारीने. ज्या नवऱ्यासमोर बाई कधी उघड्या डोक्याने बसली नाही, त्याच्यापुढे रोज हे. तिने काही तक्रार केली नाही. तिने फक्त पाणी प्यायचं सोडलं.

हे खाजाला कळलं त्याच्या बायकोकडून, गौसियाकडून. ती पंचफुलाबाईची वेणी घालायला जायची. घरी येऊन तिने सांगितलं की ती बाई दिवसाला दोन घोट पिते, ओठ फाटलेत, लघवीला आग होते म्हणते, तरी तांब्या पुढे केला की तोंड फिरवते. खाजा त्या रात्री जेवला नाही असं नाही, जेवला, पण घास त्याला गोड लागला नाही.

त्यामुळे मल्हारीने माडीवर संडास बांधायचं काढलं, तेव्हा खाजा स्वतःहून गेला. वसमतचा प्लंबर आला होता, योगेश नावाचा. तिशीचा, चटपटीत, कामाला चोख. त्याने वर जाऊन पावलं मोजली. खाटेपासून चार पावलांवर आतला कोपरा होता. पंचफुलाबाई भिंत धरून डाव्या पायावर चार पावलं जाऊ शकत होती, पाचवं नाही. म्हणजे जागा ठरली. संडासाचं भांडं तिथेच बसणार. मग योगेश खाली आला, मान वर करून पाहिलं आणि म्हणाला की काम सोपं आहे, दोन कड्यांच्या मधल्या पाटाला भोक पाडू, चार इंची पाइप सरळ खाली सोडू, या खांबाच्या कडेने जमिनीत नेऊ आणि अंगणातल्या टाकीला जोडू. लाकडाला धक्का नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

त्याने हात ठेवला होता तो देवाच्या खांबावर.

मल्हारीने त्याचा हात हळूच काढला. तो म्हणाला की वर संडास असू दे, मधे पाट आहेत, देव समजून घेईल. पण तो पाइप देवाला खेटून उतरायचा नाही. योगेशने दुसरा रस्ता सांगितला. कड्यांमधून आरपार भोकं पाडून पाइप आडवा मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा आणि भिंतीबाहेर उतरवायचा. मधे दोन कड्या लागतात. पण ते सुताराचं काम, आपण लाकडाला हात लावत नाही, असं सांगून तो खाजाकडे पाहून हसला.

खाजाने कडीची उंची मोजली. नऊ इंच. नवाचा तिसरा हिस्सा तीन. चार इंची पाइपाला भोक लागणार साडेचारचं, म्हणजे अर्धी कडी गेली. तीन इंची पाइप चालेल का, असं त्याने विचारलं. योगेश म्हणाला की संडासाला तीन इंची टाकला तर महिन्यात तुंबेल, मग पुन्हा सगळं खोला. शिवाय पाइपाला फुटामागे अर्धा इंच उतार हवा. कड्यांत दोन फुटांचं अंतर, म्हणजे पहिल्या कडीत भोक बेंबीत आलं तरी दुसरीत ते इंचभर खाली सरकणार, पोटात.

आता खरी गोष्ट अशी की याचं उत्तर खाजाला त्याच क्षणी माहीत होतं. खांब हलवता येत नाही, पण टाक हलवता येतात. हातभर फळी, दोन खिळे, समोर दुसरा खांब रिकामा उभा. दहा वर्षांपूर्वी तो हसत म्हणाला असता, मल्हारी, तुझा देव घोड्यावर बसून जेजुरीहून आला, चार हात चालेल की. मल्हारीने शिवी घातली असती आणि फळी हलवली असती. पण आताचे दिवस वेगळे होते. कोणाच्या देवाबद्दल कोण बोलला हे आता गावात लगेच पसरतं, मोबाइलवर फिरतं. मागच्याच वर्षी एका टेम्पोवाल्याने थट्टेत काहीतरी म्हटलं आणि त्याला गाव सोडून जावं लागलं. मल्हारी तसला नव्हे, हे खाजाला ठाऊक होतं. तरी जीभ उचलली नाही. हिंदूच्या देवाला जागा सोड म्हणणारा मी कोण, असं त्याला वाटलं, आणि या वाटण्याला त्याने अदब असं नाव दिलं. भीतीला चांगलं नाव दिलं की ती भीती वाटत नाही.

“जमंल का, खाजा?” मल्हारीने विचारलं.

खाजा कडीकडे बघत राहिला. वरून पंचफुलाबाईच्या खोकल्याचा आवाज आला, कोरडा.

“बघतो,” तो म्हणाला.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. दोन खिळे उपटायचे सोडून दोन कड्या पोखरायचं ठरलं.

खाजाने काम मात्र जिवापाड केलं. मशीन लावलं नाही. धक्क्याने जुनं लाकूड तडकतं म्हणून अब्बांचं गिरमिट काढलं, दांडा फिरवत भोक पाडायचं हत्यार ते. आधी कंपासने गोल आखला, गोलाच्या कडेने बारीक बारीक छिद्रं पाडली, मधला तुकडा पटाशीने सोडवला, आणि आतली कड कानसेने गुळगुळीत केली, कारण भेग नेहमी खरबरीत जागेतून सुरू होते. भोकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट कसले. पहिली कडी बेंबीत साधली. भुसा पिवळा पडत होता, सागाचा वास घरभर झाला. साठ वर्षं होऊन गेली तरी लाकडाला तेल होतं. खाजाला अब्बांचा अभिमान वाटला.

दुसऱ्या कडीत गिरमिट पहिल्याच फेऱ्यात जास्त सहज गेलं. भुसा तपकिरी आला. खाजाने चिमटीत धरला, चोळला, तर त्याची पूड झाली. ही कडी मागच्या भिंतीलगतची, तिचं टोक बाजूच्या भिंतीत पुरलेलं. पुरात भिंत चार दिवस भिजलेली, आणि भिंतीतलं पाणी कडीचं टोक वर्षानुवर्षं पीत राहिलेलं. त्याने नखाने दाबून पाहिलं. नख रुतलं.

तिथे थांबायला हवं होतं. खाली उतरून सांगायला हवं होतं की मल्हारी, ही कडी भोक सोसणार नाही, तुझी फळी हलव. शिडीवर तो तेवढ्यापुरता थांबलाही. खालून मल्हारीने चहा झाल्याचं सांगितलं. खाजाने मनाशी म्हटलं की वरवर नासलंय, आत साग आहे, शिवाय पट्ट्या आहेत. खोटं सांगायला समोर दुसरा माणूस लागतोच असं नाही. त्याने तपकिरी भुसा मुठीत गोळा केला आणि खिशात टाकला. तो कोणाला दिसू नये म्हणून टाकला हे त्याला त्याच वेळी कळलं, आणि तरी त्याने भोक पुरं केलं.

योगेशने पाइप घातला, सांधे जोडले, दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं. सगळं खळखळ निघून गेलं. मल्हारीने खांबाला भंडारा वाहिला आणि उरलेला खाजाच्या हातावर ठेवला. खाजाने घेतला. लहानपणापासून घेत आला होता.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे सांगितलंच पाहिजे. पंचफुलाबाई भिंत धरून चार पावलं जाई, दार लोटून घेई, आणि परत येई. दार लोटलेलं पाहून मल्हारी खाली शेळ्यांत जाऊन बसे. गौसियाने येऊन सांगितलं की बाई आता दिवसाला दोन तांबे पाणी पिते, ओठ भरून आलेत, परवा तर तिने चहा आणखी मागितला. ते ऐकून खाजाचे डोळे भरले. म्हातारपणी हे असं होतं. मग तो दर शुक्रवारी नमाजनंतर मल्हारीकडे जाऊ लागला. मल्हारीला वाटे गप्पांना येतो. तो येई ते त्या दुसऱ्या कडीकडे बघायला. पट्ट्यांच्या आड काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्याच्याच हाताने घट्ट बसवलेल्या पट्ट्या, त्या कशा दिसू देतील.

असे चाळीसेक दिवस गेले. मग झड लागली. पाच दिवस पाऊस हटला नाही, भिंती पुन्हा ओल्या गच्च झाल्या. सहाव्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई चार पावलांतलं तिसरं पाऊल टाकत होती, तेव्हा पायाखाली ऊस मोडावा तसा आवाज झाला. माडीची जमीन त्या कोपऱ्यात हातभर खाली बसली. संडासाचं भांडं कलंडलं, पाइप मोडून खाली लोंबकळला. पंचफुलाबाई पडली नाही. तिने चौकट धरली आणि जागच्या जागी बसली, आणि जे व्हायचं ते तिथेच झालं. शेजारचे चौघे वर गेले तेव्हा ती ओल्या लुगड्यात बसून होती. चौघांत दोन तिच्या पुतण्यांच्या वयाचे होते. तिने डावा हात तोंडावर धरला होता, तिला खाली आणेपर्यंत तिने तो काढला नाही.

खाजा निरोप मिळताच धावत आला. पट्ट्या जशाच्या तशा होत्या, बोल्ट ढिले झाले नव्हते. भोकाखालचं दोन बोटं लाकूड तेवढं फाटलं होतं, पोटातून. आत रंग काळपट तपकिरी. त्याने टेकू लावला. मग टोच्या घेऊन एकेक कडी भिंतीजवळ टोचत गेला. सातांपैकी चार कड्यांत टोच्या मुठीपर्यंत गेला. म्हणजे हे घर आता दुरुस्तीचं राहिलं नव्हतं. उतरवायचं राहिलं होतं. भोक पाडलं नसतं तर कदाचित आणखी पाच-सात वर्षं निघाली असती. तेवढी वर्षं पंचफुलाबाईला पुरली असती.

हे त्याने मल्हारीला सांगितलं, सगळं नाही, कड्यांपुरतं. मल्हारीने मान वर करून फाटलेली कडी पाहिली.

“लाकूड म्हातारं झालं व्हतं,” तो म्हणाला. “तू काई बोलला न्हाईस, तवा मला वाटलं जमतंय. जाऊ दे. तुझी काय चूक.”

त्याने शिव्या घातल्या असत्या तर खाजाला बरं वाटलं असतं. खिशात अजून तो भुसा होता. कामाचा तो सदरा दोनदा धुऊन झाला होता, तरी शिवणीत थोडा राहिलाच होता.

बाहेर पाऊस चालू होता. ओढ्याचा आवाज घरात येत होता. माडीवर आता कोणी चढायचं नव्हतं. खालीही मागचा खण गळत होता, पुढच्यात शेळ्या. कोरडी आणि टेकूपासून लांब अशी एकच जागा होती, मधल्या खांबाच्या बुडाशी. तिथे पंचफुलाबाईची खाट टाकली होती, खांबाला खेटून. खाटेखाली भांडं पुन्हा आलं होतं, झाकण ठेवलेलं. ते देवापासून वीतभरही लांब नव्हतं.

मल्हारीने दोन्ही हात जोडले, मग फळीवरचे टाक एकेक करून उचलले आणि पटक्यात गुंडाळून धरले. फळीकडे हनुवटीने दाखवून तो खाजाला म्हणाला, “हे तेवढं समोरच्या खांबाला ठोकून देतो का. इथं आता बराबर दिसत न्हाई.”

खाजाने फळी उपटली. गंजलेले दोन खिळे सहज निघाले. समोरच्या खांबावर त्याने फळी धरली, खिसा चाचपून दोन नवे खिळे काढले आणि ठोकले. पहिला तीन ठोक्यांत, दुसरा चार ठोक्यांत. मल्हारीने टाक मांडले, भंडारा वाहिला, आणि शेळ्यांना पाला टाकायला तो पुढे गेला. सगळ्याला मिळून विडीभर वेळही लागला नव्हता.

खाजा हातोडी घेऊन तसाच उभा राहिला. खाटेवरून पंचफुलाबाई पाहत होती. तिची जीभ जड होती, तिला एकेक शब्द ओढून आणावा लागे.

“खाजाभाऊ.”

“व्हय, वहिनी.”

“पुरात म्याच त्याईला पदरात घालून माडीवर न्हेलं व्हतं. चार दिस माज्या उशाशी व्हते.” ती दम घ्यायला थांबली. “हलत न्हाईत असं कोन म्हनलं तुमाला?”

खाजा, मल्हारी आणि तो वसमतचा योगेश, तिघे याच खांबाखाली उभे राहून इंच मोजत होते, आणि ही बाई डोक्यावर दहा फुटांवर जागी पडून होती. सगळं ऐकत होती. जिच्यासाठी चाललं होतं तिला जिना चढून विचारावं असं तिघांतल्या एकालाही सुचलं नव्हतं.

“म्या वरून हाक मारली व्हती,” ती म्हणाली. “खोकला आला. मग म्हनलं, बापे मानसं बोलून राहिलेत. त्याईला ठावं असंल.”

खाजाने हातोडी खाली ठेवली. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने खाटेजवळचा तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्या डाव्या हाताशी नेलं. तिने पेला घेतला. ओठाला लावून एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि भरलेला पेला त्याच्याकडे परत केला.

“बास झालं, भाऊ,” ती म्हणाली, आणि तोंड खांबाकडे फिरवून घेतलं.